उतार हाय का?

आमची वस्ती कुणी नकाशात शोधायला जाऊ नये. सापडायची नाही, आणि सापडली तरी तिथं जाऊन काय बघणार? भीमेच्या काठावर, शिरूर तालुक्याच्या अगदी शेवटच्या कडेला चाळीसेक घरं. पुढं नदी, आणि नदीच्या पल्याड दौंड तालुका. वस्तीचं नाव उतारवस्ती. उतार म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, जिथं तळाला घट्ट वाळू आणि वर गुडघाभर पाणी. तो आता नाही. नाव तेवढं राहिलंय. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशातली गत. माझी पोरं विचारतात, आजीच्या गावाला असलं कसलं नाव? मी म्हणते, गप जेवा. तोंडानं सांगणं काही होत नाही, म्हणून ही लिहायची उठाठेव.

आम्ही मेंढकं. वस्तीचा इतिहास विचाराल तर तो एका एडक्याचा, म्हणजे मेंढ्याचा आहे. आमचा कुणी खापरपणजा कळप घेऊन नदी उतरत होता. कळपाच्या पुढं चालणारा एडका वाळूत मध्येच बसला तो उठेचना. देवाची इच्छा म्हणून पणज्यानं तिथंच काठावर राहुटी ठोकली. एडका दमला असेल, नाहीतर पणजाच दमला असेल, पण देवाच्या नावावर टाकलं की कुणी विचारत नाही. गावातली जमीनजुमल्याची मंडळी आमच्यापेक्षा मोठा इतिहास सांगायची. म्हणे कुठल्या कुठल्या फौजा ह्याच उतारानं गेल्या. गेल्या असतील बाई, मी काय बघायला होते? वढूला समाधीच्या दर्शनाला निघालेली दौंडकडची माणसं मात्र आमच्या उतारानं यायची, ती मी या डोळ्यांनी पाहिली. चपला हातात, धोतरं वर खोचलेली. आई त्यांना पाणी आणि गुळाचा खडा द्यायची. फौजांना कुणी पाणी दिलं ते काही कुणी सांगत नाही.

वाळू हेच आमचं अंगण होतं. उन्हाळ्यात नदी आखडून एका कडेला जायची आणि मधे पांढरं रान पसरायचं. त्यात हातभर उकरलं की झरा लागायचा. वाटीनं निवांत पाणी भरायचं, घागर भरेपर्यंत गप्पा व्हायच्या, आणि पाणी असं गोड की पाहुणे जाताना बाटलीत भरून न्यायचे. आई त्या पाण्यात हुलग्याचं माडगं करायची. दुसऱ्या पाण्यात तिला ते जमायचंच नाही, किंवा ती तसं म्हणायची. मेंढरांचा वास, ओल्या लोकरीचा वास, चुलीवर बाजरीची भाकरी फुगल्याचा वास, हे सगळं एकच होतं. मी आता शिक्रापूरला राहते, घरात नळ आहे, फिल्टर आहे. माडगं करून बघितलं. पोरांनी तोंडं वेंगाडली, आणि खरं सांगायचं तर मलाही ते गिळेना.

आणि हाळी. आमच्या वस्तीचा खरा आवाज म्हणजे हाळी, नदीवरून मारलेली हाक. नदीत पाय घालायच्या आधी पल्याडच्या माणसानं तोंडाला हात लावून विचारायचं, "उतार हाय का होऽऽ?" मग अल्याडच्या माणसानं सांगायचं, "हाय, याऽऽ!" एवढं झाल्याशिवाय शहाणा माणूस पाण्यात उतरत नसे. उत्तर देण्याचा मान आमच्या घरचा होता, कारण एडका आमच्या पणज्याचा. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. आप्पा भाकरी खात असोत की मेंढरू कातरत असोत, हाळी आली की उठायचे, काठावर जायचे, पाण्याकडं एक नजर टाकायचे आणि उत्तर द्यायचे. घास तोंडात ठेवून उत्तर दिलेलं त्यांना चालत नसे. "माणूस आपल्या जबानीवर पाय टाकतो," म्हणायचे.

उतार दर वर्षी नवा ठरवावा लागे. पुरानं वाळू इकडची तिकडं जायची. म्हणून दसऱ्यानंतर पाणी निवळलं की आप्पा एडक्याला भंडारा लावायचे, त्याचं शिंग धरायचे आणि दोघं पाण्यात शिरायचे. एडक्याला पोहायचा कंटाळा. पायाला वाळू लागली तरच तो पुढं जाणार, नाहीतर ढुशी मारून मागं फिरणार. तो जिथनं जिथनं चालला तिथं मागनं येणारे गडी निरगुडीच्या काठ्या रोवायचे आणि प्रत्येक काठीच्या टोकाला पांढऱ्या लोकरीचा झुपका बांधायचे. काठीच्या वरच्या अंगानं, म्हणजे पाणी येतं त्या बाजूनं चालायचं, ही रीत. आणि एकदा काठ्या रोवल्या की मृगापर्यंत तो उतार पक्का. मधे परत तपासायचा नाही. तपासणं म्हणजे देवावर संशय घेणं. आज हे वाचून कुणी हसेल, तर त्याला माझं सांगणं आहे की बाबा, हसू नकोस. पूर आल्याशिवाय वाळू हलत नाही, हे आमच्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, आणि ते खोटं नव्हतं.

माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं लग्न पल्याडच झालं. आप्पांचाच हट्ट. लांबची बरी बरी स्थळं आली होती, पण आप्पा म्हणाले, "पोरगी हाकंच्या अंतरावर पायजे." समोरच्या काठावर, बाभळींच्या मागं तिचं घर. तिच्या चुलीचा धूर आमच्या दारातून दिसायचा. दिवेलागणीला ती काठावर यायची आणि सुरू व्हायची, "आईऽऽ, जेवलीस काऽऽ?" मग आई इकडून, "न्हाई गंऽऽ, तू काय केलंसऽऽ?" सगळ्या नदीला कळायचं कुणाच्या घरी आज भाकरीबरोबर कोरड्यास काय आहे. आप्पा वैतागल्यासारखं करायचे. "अगं, हळू बोला, पार वरवंडच्या बाजारात ऐकू जातंय," म्हणायचे, आणि अक्काला उशीर झाला की स्वतःच चार वेळा काठावर चक्कर मारायचे.

अक्का पहिलटकरीण राहिली त्या वर्षी पावसाळा सरता सरता नदीच्या वरच्या वळणावर बोटी आल्या. बोटी म्हणजे काय, पिंपांवर बसवलेलं इंजिन आणि त्याला जाडजूड नळी. ती तळाची वाळू ओढून काठावर ओकायची. तिथून ट्रक भरून जायचे. पुण्याकडं घरंच घरं उठत होती, त्यांना वाळू लागायची. बोटींवर परमुलखातली पोरं असायची, दिवसभर ओली, हिंदीत एकमेकांना हाका मारणारी. मालक कुणी दिसायचा नाही. पण ट्रक गेले ते आमच्याच माणसांच्या रानातून, हे मी लिहिणार. त्याबद्दल कुणाला राग आला तर येऊ दे, माझं काय जायचंय आता? दिवसभर ती धडधड चालायची आणि तिच्यात हाळी बुडून जायची. अक्काचं "जेवलीस का" अर्धंच ऐकू यायचं. आई म्हणायची, "मुडदा बशिवला त्या इंजिनाचा, लेकीचा आवाज खातंय."

आप्पांनी दसऱ्यानंतर रीतीप्रमाणे एडका घातला. एडका नीट पार गेला, काठ्या रोवल्या, झुपके बांधले. मी तेव्हा सातवीत होते. त्या वर्षी झुपके बांधायला मीही पाण्यात होते आणि पायाखालची वाळू कशी टणक होती ते मला अजून तळव्यांना आठवतं. नंतर बोटी हळूहळू वळणावरून खाली सरकल्या. दिसत होतं सगळ्यांना. अक्काचा नवरा, आमचे दाजी, पाबळला वेल्डिंग शिकून आलेले, इंजिनातलं त्यांना कळायचं. एक दिवस ते येऊन बसले. चहाची बशी हातात धरून म्हणाले, "आप्पा, हिला सातवा लागला. म्हायेरी आणायची तर मी जीप करतो. पुलावरनं येऊ."

"पुलावरनं?" आप्पा म्हणाले. "पार न्हावऱ्याकडनं वळसा? त्या रस्त्याला खड्डे किती, बघितलंय नव्हं? पोटुशी पोरगी जीपमधी आदळत आणायची?"

"पर आप्पा, ती नळी लई खोल जाती. वाळू ढासळती बाजूची."

"वरची काढत्यात, वरची ढासळंल. आपल्या उतारावर एडका गेलाय. गुडघाभर पाणी हाय. पोरीला थंडगार वाटंल." मग जरा हसून म्हणाले, "माझ्या आईला, तुमच्या सासूला, सगळ्यांना ह्याच उतारानं नेलंय बाळंतपणाला. आन् तुमचं पोरगं काय जीपमधनं यायचंय व्हय?"

दाजी हसले. जावई होते, सासऱ्यापुढं किती बोलणार? चहा संपवून गेले.

अक्काला अंबाडीच्या भाजीचे डोहाळे होते. तिनं हाळी मारून तसं सांगितलं होतं, म्हणजे सगळ्या नदीला सांगितलं होतं. ती यायच्या दिवशी आईनं सकाळीच अंबाडी निवडली, कण्या घालून शिजत टाकली, वर लसणाची फोडणी. त्या दिवशी बोटी बंद होत्या. इंजिनं थांबली की काठ किती मोठा वाटायचा ते विसरलोच होतो आम्ही. टिटवी ओरडली ती ऐकू आली. आई तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन काठावर उभी राहिली, लेकीवरून ओवाळून टाकायला. मी तिच्या पदराला. आप्पांनी धुतलेला पटका बांधला होता.

पल्याड बाभळीतून अक्का आली. हिरवं लुगडं, दोन्ही हातांनी किंचित वर धरलेलं. मागं दाजी, डोक्यावर ट्रंक. काठावर थांबून तिनं तोंडाला हात लावला. रोजची लेक असली तरी विचारायची रीत तिनं सोडली नाही.

"उतार हाय का होऽऽ?"

आई पाण्याकडं बघत म्हणाली, "अवं, पाणी गढूळ कशानं दिसतंय?"

"म्हशी गेल्या असतील वरनं," आप्पा म्हणाले. आणि दोन्ही हात तोंडाला लावून, इतका आनंद त्यांच्या आवाजात मी आधी ऐकला नव्हता आणि नंतर तर नाहीच नाही, ओरडले, "हाय, येऽऽ!"

अक्का पाण्यात उतरली. एकेक काठी मागं टाकत आली, वरच्या अंगानं, रीत होती तशी. मधोमध आली आणि तिथूनच मला म्हणाली, "बारके, अंबाडी शिजली का गं?"

"शिजली, ये तू लवकर!" मी म्हणाले.

ती हसली, पुढचं पाऊल टाकलं आणि दिसेनाशी झाली. ओरडली नाही, हात वर केला नाही, काही नाही. बाई चालत होती आणि मग तिथं पाणी होतं. काठी तशीच उभी होती, लोकरीचा झुपका वाऱ्यावर हलत होता. दाजींच्या डोक्यावरची ट्रंक पडली, त्यांनी उडी घेतली, इकडून आप्पांनी घेतली. आईच्या हातातला तांब्या माझ्या पायावर पडला, त्याची खूण अजून आहे. आप्पा वर यायचे, श्वास घ्यायचे, परत जायचे. नदीत जन्म गेला होता त्यांचा, पण ज्या नदीत ते बुड्या मारत होते तिचा तळ त्यांच्या ओळखीचा नव्हता. शेवटी वळणावरून बोटीवरची पोरं धावत आली. त्यांनी काही विचारलं नाही. थेट त्याच जागी सूर मारला आणि अक्काला वर आणलं. खड्डा त्यांच्याच नळीनं पाडलेला, कुठं आहे आणि किती खोल आहे, ते त्यांना बरोबर माहीत होतं. त्यातलं एक पोर, माझ्याहून फार मोठं नसेल, वाळूत बसून "हमको नहीं पता था, हमको नहीं पता था" म्हणत रडायला लागलं. आई त्याच्याकडं बघत होती आणि मला वाटलं आता ती त्याला शिव्या देईल. तिनं दिल्या नाहीत. तिनं अक्काच्या लुगड्याच्या निऱ्या नीट केल्या, पोटावरून पदर ओढला आणि मग जमिनीवर डोकं आपटायला सुरुवात केली.

नंतर साहेब लोक आले. अल्याडचे म्हणाले, माणूस बुडालं ती जागा मधल्या काठीच्या पलीकडं आहे, म्हणजे पल्याडच्या हद्दीत. पल्याडचे म्हणाले, अलीकडं. दोन तालुक्यांची शीव नदीच्या मधोमध जाते म्हणे. आम्हाला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की आमच्या नदीत शीव आहे. पाण्यावर रेघ कुणी मारून ठेवली होती, देव जाणे. साहेब काठावर उभे राहून बोटं दाखवत होते आणि आप्पा त्यांच्या मागं ओल्या कपड्यांनी बसून होते. कुणीतरी त्यांना म्हणालं, आप्पा, तुम्ही सांगा, कुठं झालं? आप्पा म्हणाले, "मी ये म्हणलो तिथं झालं." मग साहेबांनी त्यांना काही विचारलं नाही. बोटी काही दिवस दिसल्या नाहीत, आणि मग आल्या. दर वर्षी येत राहिल्या, तळाचा खडक उघडा पडेपर्यंत. झरे गेले, विहिरी गेल्या. पुढं खाली बंधारा झाला, वरून शहराचं काळं पाणी येऊन तुंबलं, त्यावर जलपर्णी पसरली. आज आमच्या वस्तीवर पिण्याचं पाणी टँकरनं येतं. नदीकाठच्या गावाला टँकर! हसावं की रडावं? मला तर दोन्ही येत नाही आता.

अंबाडी त्या दिवशी चुलीवर करपली. आईनं पुढं जितकी वर्षं काढली, त्यात अंबाडी घरात शिरू दिली नाही. दाजींनी फार वर्षांनी दुसरं लग्न केलं, चांगलंच केलं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. ते मात्र आमच्या काठावर परत कधी आले नाहीत.

आप्पांनी त्याच संध्याकाळी काठ्या उपटल्या. माणसं घरात बसलेली, अक्का अंगणात निजवलेली, आणि हा माणूस परत त्याच पाण्यात जाऊन एकेक काठी उपटत होता. एडका कुणाला देऊन टाकला. मेंढरंही हळूहळू गेली. दुसऱ्या दिवसापासून एक नवीनच सुरू झालं. दिवेलागण झाली, अक्काची हाळी यायची ती वेळ झाली, की आप्पा काठावर जायचे आणि तोंडाला हात लावून ओरडायचे, "उतार न्हाईऽऽ! येऊ नगंसऽऽ!" पल्याड कुणी नसायचं. पहिल्या पहिल्यांदा माणसं धरून आणायची. नंतर सवय झाली. पुढं वस्तीपाशीच नदीवर नवा पूल झाला, वस्तीवरून मोटारसायकली सरळ पल्याड जायला लागल्या, तरी आप्पांचं चालूच. पोरं त्यांच्या आवाजाची नक्कल करायची. आईनं एकदाच मला सांगितलं, "त्यांला ओरडू दे. न्हाईतर ते आतल्या आत ओरडत्यात, आन् ते माझ्याच्यानं बघवत न्हाई."

आई गेल्यावर मी आप्पांना शिक्रापुरास आणलं. कान गेले, डोळे अधू झाले, माझं नावही कधी आठवायचं कधी नाही. नदी नाही, काठ नाही, समोर कंपनीची भिंत. म्हटलं, चला, सुटले एकदाचे. हाळी बंद झाली होती खरीच.

परवा माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आली. सातवा लागलेला. जावयानं गाडी अगदी दारापुढं आणली, ती उतरली, पायरीपाशी आली. मी भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन उंबऱ्यात. इतकी वर्षं मी हे हातात धरायला भीत होते, पण रीत आहे, करावी लागते. पोरगी हसत म्हणाली, "आई, येऊ का गं आत?"

आतल्या खाटेवरून आप्पांनी डोकं उचललं. ज्या माणसाला माझी हाक ऐकू जात नाही, त्याला ती ऐकू गेली. "येऊ नगंस!" ते ओरडले. आवाज म्हातारा, पण हाळी तीच. "उतार न्हाई! मागं फिर!"

पोरीचा एक पाय पायरीवर, एक खाली. जावई घाबरून माझ्याकडं बघायला लागला. मी आत वळून ओरडले, "आप्पा, उतार हाय! तिला येऊ द्या!"

आप्पांनी माझ्याकडं तोंड केलं. डोळ्यांत ओळख नव्हती, नुसतं भय होतं. "आज बघितला का?" त्यांनी विचारलं. "आज सकाळच्याला बघितला का कुणी?"

मी दाराकडं वळले, तुकडा ओवाळला, टाकला, लेकीचा हात धरून तिला आत आणलं आणि त्यांच्या उशाशी बसवलं. तिनं त्यांचा हात हातात घेतला. तरी ते दाराकडं तोंड करून ओरडतच होते, येऊ नगंस, येऊ नगंस.